ड्रॉ हवाय, पण कुणाला सांगू नका!

तुमच्या लॅपटॉपवर अशी एखादी एक्सेल फाइल असेलच, जिचं नाव ‘क्यू-फोर फायनल रिवाइज्ड’ असतं आणि आत भलतंच काहीतरी असतं. माझ्याकडे आहे. फेब्रुवारी २०२१ मधली. आत टार्गेट्स नाहीत, आयएसएलचं पॉइंट्स टेबल आहे. हिरवे, पिवळे, लाल रकाने आणि एका कोपऱ्यात एक कॉमेंट, जी मी वेळेत डिलीट करायला हवी होती.

आधी पात्रपरिचय. आम्ही तिघं एकाच टीममधले आणि लॉकडाउनमुळे तीन गावांत पांगलेले. मी ठाण्यात आई-बाबांकडे, मुंबई सिटीचा फॅन. दादा कोलकात्यात, पिढीजात मोहन बागानवाला. २०२० मध्ये त्याच्या क्लबचं एटीकेशी लग्न लागलं तेव्हा तो आठवडाभर कुणाशी नीट बोलत नव्हता, पण मॅच एकही चुकवली नाही पठ्ठ्यानं. आणि तिसरा आमचा पात्रांव. गोव्यात साहेबालाही पात्रांव म्हणतात आणि जिगरी दोस्तालाही. हा दुसऱ्या प्रकारातला. अंधेरीत तीन वर्षं माझा रूममेट होता. मार्च २०२० मध्ये ‘फक्त दोन आठवडे रे’ म्हणून मडगावला गेला, तो गेलाच. पुढे फ्लॅट सोडावा लागला. त्याचा कुकर, पुस्तकं आणि एफसी गोवाची नारिंगी जर्सी असं सगळं एका खोक्यात भरून मी घरी आणलं. आई त्या खोक्याला ‘तुझा गोवा’ म्हणते.

तो अख्खा सीझन गोव्यातच झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशी तीन मैदानं, खेळाडू बबलमध्ये, प्रेक्षक शून्य. पात्रांवच्या गच्चीवरून फातोर्ड्याचे फ्लडलाइट्स दिसतात. आत मात्र जाता येत नव्हतं. आपल्याच गावात लग्न आणि आपल्यालाच आमंत्रण नाही, असं झालं होतं त्याचं.

शेवटच्या राउंडच्या आदल्या शुक्रवारी त्यानं मला फोन केला. म्हणाला, राजीनामा टाकतोय. इथंच काहीतरी बघीन. मुंबईला परत नाही येत. खोकं कुरिअर कर.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “बरं. रविवारचं काय वाटतं तुला?”

रविवार म्हणजे २८ फेब्रुवारी. आणि टेबल असं होतं, नीट ऐका. बागान ४० गुण, आम्ही ३७, आणि शेवटची मॅच एकमेकांशीच. जानेवारीत आम्ही त्यांना १-० हरवलेलं होतं. त्यामुळे ही जिंकली की ४०-४० होऊन आपसातल्या हिशेबात आम्ही वर. लीग शील्ड आमचं, एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीटही आमचं. ड्रॉ झाला तरी सगळं त्यांचं.

इथवर सोपं आहे. खरा गुंता खाली होता. तेव्हा पहिले चार थेट सेमीफायनलला जायचे (सहा संघांचं प्लेऑफ २०२२-२३ मध्ये आलं). पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा. नॉर्थईस्ट युनायटेड ३३ गुणांवर आपल्या मॅचेस संपवून पाय पसरून बसलेले. गोवा ३०, हैदराबाद २८, आणि हे दोघंही शेवटच्या दिवशी समोरासमोर! गोव्याला ड्रॉ पुरेसा. हैदराबादला जिंकणं भाग. पण गोवा जिंकला तर त्यांचेही ३३ होणार. नॉर्थईस्टशी त्यांच्या दोन्ही मॅचेस ड्रॉ झालेल्या आणि गोलफरकात गोवा पुढे. म्हणजे गोवा तिसरा, नॉर्थईस्ट चौथा.

आता सांगा, मुंबईकर म्हणून तुम्हाला समोर कोण हवं?

मला नॉर्थईस्ट नको होते. अजिबात नको. सीझनच्या पहिल्याच मॅचला त्यांनी आम्हाला १-० हरवलं होतं आणि ३० जानेवारीला पुन्हा २-१. वर जानेवारीत त्यांची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली होती. हो, तेच, कूपरेजवर मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळणारे. ते आल्यापासून हा संघ लीगमध्ये हरलेलाच नव्हता. अशा माणसाला सेमीफायनलमध्ये कोण बोलावतं?

हैदराबाद चाललं असतं. २-० आणि ०-० असा आमचा हिशेब होता. पण हैदराबाद येणार म्हणजे गोवा बाहेर, आणि तेवढा नीच मी नव्हतो. (दहा मिनिटं होतो. लाल रकाना त्याचाच आहे.)

उरला गोवा. गोव्याशी आम्ही एकदा १-० जिंकलो होतो, तेही ९५व्या मिनिटाच्या पेनल्टीवर. दुसऱ्यांदा ३-३, आणि त्यात इशान पंडितानं इंज्युरी टाइममध्ये बरोबरी साधून माझी झोप उडवली होती. पण गोव्याची एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. आमचे कोच सर्जिओ लोबेरा त्यांचेच जुने कोच. गोवा टेबलात वर असतानाही जानेवारी २०२० च्या शेवटी त्यांना निरोप मिळाला. मग ते मुंबईत आले आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई हे सगळे गोव्याचे माजी खेळाडू आमच्याकडे. घराचा नकाशा माहीत असलेला माणूस आपल्या बाजूला असलेला बरा, असं माझं गणित.

गोची अशी की, पाचच्या मॅचमध्ये मी काय मागायचं हे साडेसातच्या मॅचवर अवलंबून होतं. आम्ही जिंकून पहिले आलो, तर गोवा चौथा हवा, म्हणजे गोव्याचा ड्रॉ. आम्ही दुसरे राहिलो, तर समोर तिसरा येणार, मग गोवा जिंकलेला बरा. एक्सेलला असे सर्क्युलर रेफरन्स आवडत नाहीत. शेवटी मी आमच्या पोरांवर विश्वास टाकला (चार दिवसांपूर्वीच ओडिशाला ६-१ धुतलं होतं, त्याआधी लागोपाठ दोन हरलो होतो ते सोयीस्करपणे विसरून) आणि कोपऱ्यातल्या रकान्यात कॉमेंट टाकली: ‘गोवा ड्रॉ = बेस्ट. पात्रांवला सांगू नये.’

रविवारी पावणेपाचला तिघं कॉलवर. मी म्हणालो, “ऑल द बेस्ट रे, जिंका आज!” आणि मोठ्या उत्साहात स्क्रीन शेअर केली. टेबल दाखवायला. कर्सर गेला नेमका त्या रकान्यावर.

पिवळी चौकट उघडली. मोठ्या अक्षरांत.

दादा खो-खो हसत सुटला. पात्रांव काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “शुक्रवारपासून तू हेच करत होतास होय?”

“हो.”

“मी तुला नोकरी सोडतोय म्हणून सांगितलं.”

“हो.”

“बरं,” म्हणाला, “मॅच बघू.”

गोवा-हैदराबाद ०-०. साडेसातला बांबोळीत फॉलचा सातव्या मिनिटाला गोल, ओग्बेचेचा ३९व्या मिनिटाला, आम्ही २-०. शील्ड आमचं, गोवा चौथा, नॉर्थईस्ट दादाच्या गळ्यात. माझ्या शीटमधला हिरवा रकाना जसाच्या तसा खरा झाला! आयुष्यात माझं कुठलंच फोरकास्ट इतकं बरोबर आलेलं नाही, आणि अभिनंदन करायला कुणी नव्हतं.

मग ५ मार्चला सेमीफायनलचा पहिला लेग. हा माझा ‘निवडून घेतलेला’ प्रतिस्पर्धी. दोनदा पुढे गेला तो, दोनदा आम्ही बरोबरी केली. २-२. दुसरा लेग ८ मार्चला. नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइम, तरीही ०-०. शूटआउटच्या आधी दोन्ही संघांनी गोलकीपर बदलले. मी बाल्कनीत. आई विचारतेय, काही कळलं का ऑफिसचं? टीव्हीकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून फोन कानाला, आणि पलीकडून पात्रांव एकेक पेनल्टी सांगतोय. सपाट आवाजात, जणू बसचे थांबे. गेली. हुकली. गेली. नॉर्थईस्ट आले असते तर बरं झालं असतं, असं मी त्या बाल्कनीत देवाला अगदी स्पष्ट सांगितलं.

सडनडेथमध्ये ६-५. शेवटची पेनल्टी रॉलिन बोर्जिसनं मारली.

“गेली,” पात्रांव म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, “आमच्याच माणसानं मारली रे.”

मला सॉरी म्हणायचं होतं. कशाबद्दल, ते आधी ठरवायला हवं होतं. मी म्हणालो, “तू कधी ठरवलंस? नोकरीचं.”

त्यावर तो दीड तास बोलला. बाबांची तब्येत, अंधेरीचं भाडं, आणि गच्चीवरून लाइट दिसत असताना पुन्हा लोकलमध्ये लोंबकळायची इच्छा न उरणं. मी ऐकलं. एक्सेल बंद होती.

१३ मार्चला फातोर्ड्यावर फायनल. समोर दादाचं बागान. त्यांनी नॉर्थईस्टला १-१, २-१ करून घालवलं होतं. पात्रांव गच्चीत, फोन स्पीकरवर. कुणाच्या बाजूनं आहेस विचारलं तर म्हणाला, “निम्मा गोवा तुमच्याकडेच आहे. काय करणार?” विल्यम्सनं बागानला पुढे नेलं, टिरीच्या ओन गोलनं बरोबरी झाली आणि मग ताटकळत ताटकळत नव्वदावं मिनिट. बिपिन सिंग. २-१.

दादानं कॅमेरा बंद केला. तीन आठवडे चालू केला नाही.

“आवाज आला का तुला?” मी पात्रांवला विचारलं.

“कसला आवाज? स्टेडियम रिकामं आहे. लाइट तेवढे दिसतायत.” मग म्हणाला, “खोकं पाठवलंस?”

“उद्या.”

“जर्सी वर ठेव. कुकरखाली घालू नकोस.”