सहा महिन्यांपर्यंतचे अभय

झाबुआ जिल्ह्यातील एका आरोग्य शिबिरात काही वर्षांपूर्वी चार महिन्यांच्या एका मुलाच्या कार्डावर मी ‘सिकलसेल नाही’ असे लिहिले. सोल्युबिलिटी चाचणीची नळी स्वच्छ होती आणि मागे रांग मोठी होती. दीड वर्षाने तेच मूल हातापायांची बोटे सुजलेल्या, विव्हळणाऱ्या अवस्थेत इंदूरला माझ्यासमोर आले. आईने काही न बोलता ते कार्ड पुढे केले. अक्षर माझेच होते.

नळीने खोटे सांगितले नव्हते. वयाकडे न पाहता निष्कर्ष मी लिहिला होता. अर्भकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मुबलक असते, आणि ते तांबड्या पेशीला कोयत्याचा आकार घेऊ देत नाही. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी हा तर्क १९४८ सालीच मांडला होता. परंतु हे अभय सहा महिन्यांच्या सुमारास का ओसरते, याचे उत्तर मिळण्यास साठ वर्षे लागली.

ते उत्तर दुसऱ्या गुणसूत्रावर सापडले. बीसीएल-११-ए या जनुकाला नाव मिळाले ते लसिकापेशींच्या कर्करोगावरून. तांबड्या पेशींशी त्याचा संबंध असेल अशी कोणास शंकाही नव्हती. २००८ मध्ये बोस्टनच्या विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखविले, की या जनुकाचे प्रथिन गॅमा ग्लोबिनचे जनुक दडपून ठेवते. हे ‘झिंक फिंगर’ कुळातील प्रथिन आहे. दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरतात, त्याभोवती साखळीला बोटासारखी घडी पडते आणि ते बोट डीएनएच्या खाचेत नेमक्या अक्षरांवर टेकते. १९८५ साली केंब्रिज येथे ॲरन क्लुग यांच्या गटाने ही रचना प्रथम ओळखली, तीही बेडकाच्या प्रथिनात! माणसात अशी सातशेहून अधिक जनुके आहेत.

मग हे प्रथिनच बंद का करू नये? कारण मेंदूच्या वाढीलाही ते हवे असते. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत निकामी असते त्यांचे गर्भ-हिमोग्लोबिन वाढलेले राहते, पण बौद्धिक विकास खुंटतो. २०१३ मध्ये या जनुकाच्या आतच केवळ तांबड्या पेशींत चालणारी एक कळ सापडली, आणि ती कापणारे ‘कॅसजेव्ही’ हे जनुकसंपादन-उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केले. अमेरिकेतील किंमत एका रुग्णास बावीस लाख डॉलर. शिवाय आधी बुसल्फानने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते.

आपल्या सभांतून या उपचाराच्या स्लाइड्सना टाळ्या पडतात, आणि त्या योग्यच आहेत. माझी तक्रार इतकीच, की गर्भ-हिमोग्लोबिन वाढविणारे हायड्रॉक्सीयुरिया आपल्या हाताशी आहे आणि ते लिहिताना आपला हात अडखळतो. त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे होतात, हे १९९५ मध्येच सिद्ध झाले. नागपूरच्या अभ्यासात मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमची अल्प मात्राही उपयोगी ठरली. कर्करोगाचे औषध म्हणून आपण बिचकतो; रक्तगणना वेळोवेळी करवून घेण्याचा कंटाळा हे खरे कारण असावे, असे मला स्वतःवरून वाटते.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात आहे. शून्यापासून म्हटले की माझ्यासारखी घाई पुन्हा कोणी करणार. सहा महिन्यांखालील बालकाला सोल्युबिलिटी चाचणीवरून निर्दोष ठरवू नये. एचपीएलसी करावी, नाही तर कार्डावर पुन्हा बोलावण्याची तारीख घालावी. अर्भकावस्थेतच निदान झाले तर पेनिसिलिन व न्यूमोकॉकसची लस वेळेवर देता येते. माझ्या त्या रुग्णाची पहिली दोन वर्षे तशीच, कोणत्याही संरक्षणाविना गेली.

आपली संस्था बडवानी, आलीराजपूर भागात शिबिरे घेते. तेथील कार्डावर वयाचा रकाना निकालाच्या वर, ठळक छापावा आणि त्याखाली ‘पुनर्तपासणीची तारीख’ असावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीस दिला आहे. छपाईचा खर्च मी करीन.