आधी उपचार, मग उलटतपासणी

चौदा महिन्यांच्या लेकराच्या अंगावर कढत पाणी सांडले की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? बहुतेक घरांत एकच. "तुझं लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न लेकराच्या आईला विचारलेला असतो, आणि उत्तराची वाट कोणी पाहत नाही. 2024 सालच्या डिसेंबरात आमच्या घरी तो विचारला गेला. विचारणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे धाकटे बंधू, भावजय, दोन मुले आणि आमची आई असे पाच जण झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील एका जुन्या इमारतीत राहतात. आम्ही त्याच इमारतीत दोन मजले खाली. खोली 225 चौरस फुटांची. घरात गिझर नाही. अंघोळीचे पाणी पातेल्यात तापवायचे आणि गॅसवरून उतरवून मोरीपर्यंत न्यायचे. अंतर चार पावलांचे, पण त्या चार पावलांत शिलाई मशीन, थोरल्याचे दप्तर, अंथरुणांची चवड आणि खाली बसलेली सासू. त्या दिवशी भावजयीने मोरीतली बादली रिकामी करण्यासाठी पातेले क्षणभर जमिनीवर टेकवले. आमची पुतणी पंधरा दिवसांपूर्वीच पाऊल टाकायला लागली होती. मूल चालायला लागले की हाताला येईल त्याचा आधार घेते. तिने पातेल्याचा काठ धरला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि छातीचा थोडा भाग भाजला.

किंकाळी ऐकून आम्ही वर धावलो. पुढच्या दहा मिनिटांत जे झाले ते लिहिताना आजही लाज वाटते. आमच्या आईने हातावर टूथपेस्ट फासली. शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या. कोणी म्हणाले शाई लावा. आम्ही स्वतः फ्रीजमधून बर्फ काढला. वीस वर्षे कोर्टात काळा कोट घालून उभे राहणारे आम्ही, संविधानाचे अनुच्छेद आणि फौजदारीची कलमे तोंडपाठ असलेले आम्ही, भाजलेल्या लेकराला काय करावे हे आम्हाला ठाऊक नव्हते. आणि सकाळी सातची वेळ, म्हणजे नळाची वेळ. मोरीत नळ वाहत होता, त्याखाली पिंप भरत होते. ज्या एका गोष्टीची गरज होती ती दोन हातांवर धो धो वाहत होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष कुठे होते, हा प्रश्न खरे तर आम्हा सगळ्यांनाच विचारायला हवा होता.

भाजलेल्या जागेवर नळाचे साधे, गार, वाहते पाणी सलग वीस मिनिटे सोडायचे. हा सगळा प्रथमोपचार. कढत पाणी अंगावरून ओघळून गेले तरी कातडीत शिरलेली उष्णता आत होरपळवतच राहते. ती काढून घेण्याचे काम पाणी करते. उशीर झाला असेल तरी पहिल्या तीन तासांत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, कारण अति गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम वाढते. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, पीठ यांतले काहीही लावू नये, कारण डॉक्टरला ते आधी खरवडून काढावे लागते, त्याशिवाय जखम किती खोल आहे ते दिसतच नाही. ते खरवडताना लेकरू कसे ओरडते ते आम्ही ऐकले आहे. अंगावरचे ओले कपडे उतरवावेत, मात्र चिकटलेले ओढू नयेत. हातातले कडे, पायातले वाळे लगेच काढावे, कारण सूज आली की ते रुततात. बाकीचे अंग पांघरुणात ऊबदार ठेवावे, कारण तान्ह्यांचे अंग पटकन गार पडते. पाणी झाले की धुतलेल्या स्वच्छ फडक्याने जखम सैलसर झाकायची आणि रुग्णालय गाठायचे. लेकराचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का भाग. असे दहा तळहात भरतील इतके भाजले असेल तर दाखल करून सलाईन लावण्याची वेळ येते. चेहरा, हात, पाय किंवा जांघेचा भाग असेल तर भाजणे थोडे असले तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

आम्ही रिक्षा केली आणि सर्वात जवळच्या खाजगी रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही. काउंटरवरील मुलीने लेकराकडे न पाहता दोन वाक्ये ऐकवली. पहिले, "वीस हजार डिपॉझिट भरा." दुसरे, "भाजल्याची केस आहे, एमएलसी होईल, आमच्याकडे घेत नाहीत, सरकारीत न्या." एमएलसी म्हणजे मेडिको लीगल केस, ज्या दुखापतीची खबर पोलिसांना द्यावी लागते ती. आतमध्ये डॉक्टर होते. पडद्याआडून त्यांचे बूट दिसत होते. आम्ही वकील असल्याचे सांगितले तेव्हा मुलगी उठून आत गेली आणि परत येऊन म्हणाली, "सर राउंडला आहेत."

वाचकहो, ही दोन्ही वाक्ये बेकायदेशीर आहेत. याबाबत शंका नको. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेणाऱ्याला सांगण्यात आले की पोलिसी भानगडीचे रुग्ण इथे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो माणूस वाटेत मेला. त्यावर वर्तमानपत्रात आलेली बातमी जोडून पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1989 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आणि न्यायमूर्ती ओझा यांच्या खंडपीठाने निकाल दिला की अनुच्छेद 21 अन्वये जीव वाचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, त्याने आधी उपचार केले पाहिजेत. पोलिसांची कार्यपद्धती किंवा कोणताही कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही. पुढे 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात हकीम शेख नावाच्या शेतमजुराचा प्रश्न आला. तो 1992 साली रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला, आणि कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगीत पैसे भरून तो जगला. न्यायालयाने त्याला 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैशांची अडचण सांगून राज्याला या कर्तव्यातून सुटता येणार नाही असे बजावले. एक स्कूटरवाला, एक शेतमजूर. दोघांच्या अंगावरच्या जखमांतून तुमच्या-आमच्या लेकरांचा हक्क लिहिला गेला आहे.

महाराष्ट्रात याहून पुढचीही तरतूद आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आणि त्यापोटी सवलती घेणाऱ्या रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून योजना लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तातडीचा रुग्ण आला तर डिपॉझिट मागताच येत नाही. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणी नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. आम्ही ज्या रुग्णालयातून परतलो तिथे दर्शनी भागी मत्स्यालय होते.

असे असताना आम्ही तिथे भांडत का बसलो नाही? भांडलो असतो तर जिंकलो असतो, हे खरे. पण कडेवर लेकरू होते आणि घड्याळ चालू होते. हक्क माहीत असलेल्या माणसालासुद्धा त्या क्षणी मान खाली घालून रिक्षा शोधावी लागते. मग ज्याला हक्क माहीत नाही, ज्याच्या खिशात रिक्षाचेही पैसे नाहीत, त्याचे काय होत असेल? 108 क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. घाबरलेल्या घराला तो क्रमांकही आठवत नाही. आम्हालाही आठवला नाही.

महापालिकेच्या रुग्णालयाबद्दल मात्र आम्हाला चार चांगले शब्द लिहायचे आहेत. कॅज्युअल्टीत गर्दी होती, एका स्ट्रेचरवर दोन रुग्ण होते, पंखा बंद होता. तरीही एका तरुण निवासी डॉक्टरने केसपेपर निघायच्या आधीच लेकराला जवळ घेतले, वजन विचारले, वेदना कमी होण्याचे औषध दिले आणि मग ती टूथपेस्ट पुसायला बसली. लसीकरणाचे कार्ड मागितले. ते घरी राहिले होते. (हे कार्ड आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत, दाराजवळ ठेवण्याची सवय लावून घ्या.) आमच्या दृष्टीने त्या मुलीने 1989 चा निकाल पाळला. तिने तो वाचला असेल की नाही, देव जाणे, आणि आम्ही तर देव मानत नाही.

पण तिथेही तो प्रश्न सुटला नाही. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरने विचारले, "आई काय करत होती?" मावशी म्हणाली, "आजकालच्या बायकांना मोबाईल सुटत नाही." नोंद घ्यायला आलेल्या हवालदारांनी बापाला बाजूला बसवले आणि भावजयीला उभे ठेवून विचारले, "मुलगी आहे ना? दुसरी?" त्या प्रश्नाचा रोख आम्हाला कळला, तिलाही कळला. सकाळपासून ती रडली नव्हती, तेव्हा रडली.

इथे आम्हाला वकील म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. हा प्रश्न विचारूच नये असे आमचे म्हणणे नाही. लेकरांना मुद्दाम भाजले जाते, मारले जाते, मुलगी म्हणून हेळसांड होते. डॉक्टरांनी आणि पोलिसांनी शंका घेतलीच पाहिजे, कारण तान्ह्या पोराला स्वतःची फिर्याद सांगता येत नाही. पण शंका घेण्याची रीत असते. आधी उपचार पूर्ण व्हावेत. मग आईशी वेगळे, बसवून बोलावे, आणि बापालाही तेवढेच प्रश्न विचारावेत. आमच्या भावाला त्या दिवशी कोणीही विचारले नाही की बाबा रे, तू कुठे होतास? तो अंथरुणावर चहा पीत होता.

आणखी एक प्रश्न कोणीच विचारला नाही, तो म्हणजे खोली केवढी? स्वयंपाकाला वेगळी जागा असेल, मधे दार असेल, ओटा भिंतीला लागून खोल असेल तर चौदा महिन्यांचे मूल कढत पाण्यापर्यंत पोहोचत नाही. जिथे चूल, पाळणा, मोरी आणि अंथरूण एकाच फरशीवर आहे तिथे आईने चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसायचे आणि एका क्षणासाठी पापणी लवली तर गुन्हेगार ठरायचे. 225 चौरस फुटांचा नकाशा मंजूर करणाऱ्याला या खटल्यात कधीच समन्स जात नाही. जमिनीवर स्टोव्ह ठेवून रांधणाऱ्या वस्त्यांत तर याहून वाईट स्थिती आहे.

घर मोठे होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या घरात दोन बदल झाले. बादलीत आधी गार पाणी ओतायचे, गरम नंतर, आणि तेही बादली मोरीत असताना. पातेले उतरवण्याआधी कोणीतरी लेकराला उचलून घ्यायचे, आणि हे "कोणीतरी" म्हणजे बाप. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही एकदा वीस मिनिटे नळ सोडून दाखवला. वीस मिनिटे किती लांब असतात ते तेव्हा सगळ्यांना कळले. तिसऱ्या मिनिटालाच एक बाई म्हणाली, "बस झालं ना?"

कागदाबद्दल सांगायचे राहिले. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत मिळाले म्हणून कागद सोडून येऊ नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. महापालिकांची रुग्णालये त्याहून निराळी, तिथे किरकोळ शुल्क लागू शकते, त्याची पावती घ्या. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून 72 तासांच्या आत देण्याचे बंधन डॉक्टरांवर 2002 च्या व्यावसायिक आचार नियमांनी घातले आहे. खाजगीवाल्याने परत पाठवले तर वेळ, तारीख आणि बोलणाऱ्याचे पद त्याच दिवशी लिहून काढा. आम्ही तसे लिहून महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही. आम्ही पाठ सोडणार नाही.

आणि सही करण्याआधी केसपेपर वाचून घ्या, इंग्रजीत असेल तर मराठीत सांगायला लावा. तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. हात वाचला, बोटे नीट मिटतात, मनगटाजवळ फिकट डाग राहिला आहे. त्या संध्याकाळी भावजय केसपेपरची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. तिला इंग्रजी येत नाही. म्हणाली, "दादा, यात माझ्या हलगर्जीपणामुळं झालं असं लिहिलंय का?" आम्ही कागद उघडला. निवासी डॉक्टरने बारीक अक्षरात लिहिले होते की राहत्या घरी अंघोळीचे गरम पाणी अपघाताने सांडून भाजले. आम्ही ते मराठीत सांगितले. तिने आम्हाला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली, मग बोट ठेवून विचारले, "हा शब्द अपघात ना?"