सहाय्यकारी कोणाची?

गेवराई तालुक्यातील उमापूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला परिचारिका व्हावयाचे आहे. घरात मात्र तीन मते आहेत. आजोबांच्या मते चांगले स्थळ चालून आले आहे, तर लग्न उरकून घ्यावे. चुलत्यांनी जवळच्या शहरातील एका संस्थेचे माहितीपत्रक आणले आहे. तेथे वर्षभरात ‘नर्सिंग’ पूर्ण होते म्हणे. मुलगी स्वतः दोन वर्षांच्या एएनएमचा आग्रह धरून बसली आहे. एएनएम म्हणजे खालच्या पायरीचा, मदतनिसाचा अभ्यासक्रम असे कानावर आल्याने आई साशंक आहेत. शुल्कासाठी पैसा उभा करायचा तो येत्या हंगामाची उचल घेऊन. तेव्हा एवढे करून मुलगी दुय्यमच राहणार असेल तर काय उपयोग, असे त्यांनी विचारले आहे.

उचल म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच, की मुकादमाकडून घेतलेली ही आगाऊ रक्कम नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ पुढे सहा-सहा महिने उसाच्या फडात राबून फेडत असतो. असा पैसा चुकीच्या संस्थेत गेला तर तो नुसता पैसा जात नाही. आईबापांच्या अंगमेहनतीचा एक आख्खा हंगाम जातो. म्हणून या वेळचा सारा लेख याच पत्रासाठी.

प्रथम नावाविषयी. एएनएमचे सरकारी मराठी नाव ‘सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’ असे आहे. दुय्यमपणाचा समज पसरला तो या ‘सहाय्यकारी’ शब्दामुळे. १९४६ साली भोर समितीने देशातील आरोग्यसेवेची रचना गावापर्यंत नेण्याची शिफारस केली. त्यासाठी लागणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका देशात फारच थोड्या होत्या. कमी मुदतीत तयार होणारे, पूर्ण परिचारिकेच्या हाताखाली काम करणारे मनुष्यबळ हवे, या विचारातून १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीने निरनिराळ्या रोगांसाठी निरनिराळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावा असे सुचविले आणि एएनएम ही गावाची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आपल्या ओळखीचा आहे.

आता उपकेंद्रातील एखादी रात्र डोळ्यांसमोर आणावी. कळा सुरू झालेली बाई बाजेवर आहे, तालुक्याहून निघालेली रुग्णवाहिका वाटेत आहे आणि खोलीत प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती एकच आहे. ही ‘सहाय्यकारी’ त्या क्षणी कोणाला साहाय्य करीत असते? तिच्या वरचे असे तेथे कोणीच नसते. रक्तस्राव प्रमाणाबाहेर आहे की नाही, बाळ रडण्यास वेळ लावते आहे त्याचे काय करावे, वाट पाहावी की तडक पुढे पाठवावे, हे तिनेच ठरवावयाचे असते.

इंग्लंडमध्ये अलीकडे ‘नर्सिंग असोसिएट’ नावाचे पद निर्माण झाले आहे. दोन वर्षांची पायाभूत पदवी घेऊन, रुग्णालयातच काम करता करता हा अभ्यास होतो आणि तेथील परिचर्या व प्रसूतिविद्या परिषद जानेवारी २०१९ पासून त्यांची स्वतंत्र नोंदणी करते. मदतनीस आणि नोंदणीकृत परिचारिका यांच्यामधली ही पायरी आहे. मुदतीच्या दृष्टीने ती आपल्या एएनएमची जवळची नातलग म्हणता येईल. परंतु तिकडे शेजारी पूर्ण परिचारिका असते, तिच्या देखरेखीखाली काम चालते. आपल्याकडे तेवढ्याच मुदतीत शिकलेल्या मुलीच्या स्वाधीन चार-पाच गावे केली जातात. मला विचाराल तर दुय्यम हा शब्द एएनएमच्या कामाला लागूच पडत नाही. काम अव्वल आहे आणि शिक्षणाची मुदत थोडी आहे, ही खरी अडचण. म्हणूनच ती थोडी मुदत कोठे आणि कशी खर्च होते, याला विलक्षण महत्त्व आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या आखणीनुसार हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा: अठरा महिने शिक्षण आणि सहा महिने आंतरवासिता. पहिल्या वर्षात सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्यसंवर्धन, प्राथमिक आरोग्यसेवा आणि बालआरोग्य. दुसऱ्या वर्षात प्रसूतिविद्या आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन. विषयांची ही नावे वाचून काही कळत नाही, हे मान्य. प्रत्यक्षात मुलगी काय शिकते ते सांगतो.

ती श्वास मोजावयास शिकते. खोकणारे मूल आईच्या मांडीवर शांत असताना, त्याच्या पोटाचे वरखाली होणे पाहत, घड्याळावर पूर्ण एक मिनिट. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक झाला तर तो न्यूमोनियाचा इशारा समजावयाचा. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. एवढ्या मोजणीवर मूल वेळेत पुढे जाते.

ती लस सांभाळावयास शिकते, आणि हे वाटते तितके सोपे नाही. लस उष्णतेने बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. काही लसी गोठल्यानेही निकामी होतात हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पेंटाव्हॅलंट, कावीळ ‘ब’, धनुर्वात-घटसर्पाची लस या त्यांपैकी. लसी अधिक दोन ते अधिक आठ अंश सेल्सिअस तापमानातच राहिल्या पाहिजेत. म्हणून शीतपेटीतून काढलेले बर्फाचे पॅक तडक लसवाहकात भरावयाचे नाहीत. ते थोडा वेळ बाहेर ठेवून, हलविल्यावर आत पाण्याचा आवाज आला म्हणजे मगच भरावयाचे. मे महिन्यात बीडच्या उन्हात वाडीवस्तीवर लसीकरणाला निघालेल्या सेविकेने हा आवाज ऐकण्याइतका धीर धरला नाही, तर मुलाला सुई टोचल्याचे दुःख तेवढे होईल आणि संरक्षण मिळणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

गर्भवतीचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटावरून बाळाची स्थिती, हृदयाचे ठोके, एकशे ऐंशी दिवस घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्या हेही तिच्या शिक्षणात येते. गोळ्या वाटणे सोपे. त्या खाल्ल्या जातात की पत्र्याच्या डब्यात साठतात, हे सासूबाईंच्या देखत सुनेकडून काढून घेणे ही निराळी विद्या आहे. ती कोणत्याही पुस्तकात नसते आणि गावच्या मुलीला पुष्कळदा शहरच्या मुलीपेक्षा लवकर साधते.

बीडच्या मुलीने ही विद्या शिकण्याला आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०१९ मध्ये शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा अनियमितपणा यांसाठी आधी कोणते साधे उपचार असतात, हे या बायांना त्यांच्या भाषेत, त्या फडावर निघण्यापूर्वी सांगणारे माणूस हवे होते. ते माणूस उपकेंद्रातच बसावयाचे असते.

आजोबांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांना मुलीचे वाईट व्हावे असे वाटत नाही. हंगामात आईबाप बाहेर आणि तरुण मुलगी घरी, ही काळजी बीडमधील हजारो घरांत असते. परंतु पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारहून अधिकींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि त्याचे ओझे प्रसूतिगृहांत दिसते. वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी एकटी नसते, हे आजोबांना आईंनी शांतपणे सांगावे. नर्स होणे चांगल्या घरच्या मुलींना शोभत नाही, हा आक्षेप तर शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघावयास हवा होता. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हाही हीच कुजबुज होती. शिवाय एएनएमच्या प्रवेशाची वयोमर्यादा सतरा ते पस्तीस वर्षे आहे. लग्न झाले म्हणून दार बंद होत नाही. तथापि लग्नानंतर शिकू, हे वचन किती घरांत पाळले जाते, हे वाचक भगिनींना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

चुलत्यांच्या माहितीपत्रकाबाबत मात्र मी सौम्य बोलणार नाही. वर्षभराच्या अभ्यासक्रमांपैकी काही रुग्णसेवा-साहाय्यकाचे असतात आणि ते त्या नावाने, त्या शुल्कात शिकविले तर त्यांत गैर काही नाही. परंतु ‘नर्सिंग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला म्हणजे त्यातून परिचारिका तयार होते असे नव्हे. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करावयाचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदलेले असावे लागते आणि ही नोंदणी मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचीच होते. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेच्या भरतीतही पहिली अट हीच. प्रमाणपत्र कितीही गुळगुळीत कागदावर असो, नोंदणी क्रमांक नसेल तर त्या भरतीत अर्जच बाद होतो.

तेव्हा उचल घेण्यापूर्वी संस्थेत जाऊन विचारावे, की या वर्षासाठी भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे काय. उत्तर तोंडी घेऊ नये. दोन्ही परिषदांच्या याद्यांत संस्थेचे नाव स्वतः पाहावे. घरी जमत नसेल तर गावातील ई-सेवा केंद्रात पाहून घ्यावे. अंतिम परीक्षा कोण घेते, हेही विचारावे. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. ‘आमचीच परीक्षा, आमचेच प्रमाणपत्र’ असे उत्तर आले तर उठून यावे. त्यानंतरचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: मुली प्रसूतिकक्षात कोठे जातात आणि तेथे दिवसाला किती बाळंतपणे होतात? ज्या रुग्णालयात आठवड्याला एखादे बाळंतपण होते तेथे पाळणाघराइतकेच शिक्षण होईल. शक्य असल्यास शेवटच्या वर्षातील एखाद्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन बोलावे. माहितीपत्रकात नसलेले सारे ती पाच मिनिटांत सांगेल. शासकीय संस्थेत जागा मिळण्याचा प्रयत्न आधी करावा, शुल्काचा प्रश्न तेथे पुष्कळ हलका होतो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळ पाहावे. प्रवेशप्रक्रियेचे नियम बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षी शेजारणीच्या मुलीला कसा प्रवेश मिळाला यावर विसंबू नये.

जीएनएमचा विचार केला आहे का, असे मात्र मी आईंना विचारीन. तो तीन वर्षांचा. कला शाखेच्या मुलीलाही खुला, इंग्रजी विषयासह बारावीला किमान चाळीस टक्के हवेत. मुलांनाही त्यात प्रवेश असतो, एएनएम केवळ मुलींसाठी आहे. रुग्णालयातील नोकरी, वेतन आणि पुढील शिक्षण या तिन्ही दृष्टींनी जीएनएमचे पारडे जड आहे. एक वर्ष अधिक पेलणे शक्य असेल तर तेच करावे. शक्य नसेल तर एएनएम करून, नोंदणी घेऊन, काही वर्षे काम करून मग जीएनएमला जाता येते. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी पदवी आहे. बारावीला विज्ञान नसल्याने चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचे जे दार आज बंद आहे, ते असे वळसा घेऊन उघडते. नोकरीच्या बाबतीत भाबडी आशाही नको. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पुष्कळ पदे कंत्राटी आहेत, जिल्हा परिषदेच्या भरतीची वाट पाहावी लागते आणि लहान खासगी रुग्णालयांत सुरुवातीचे वेतन तुटपुंजे असते.

प्रवेश निश्चित झाल्यावर घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रात्यक्षिकाची उपस्थिती शंभर टक्के भरून द्यावी लागते. चुलत बहिणीचे लग्न, धाकट्यांना सांभाळणे, हंगामात घर राखणे यासाठी तिला पंधरा-पंधरा दिवस बोलावून घेतले तर ते दिवस तिला नंतर भरून काढावे लागतात आणि प्रमाणपत्र लांबते.

आणि तिच्या स्वतःच्या प्रकृतीचे. निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रात्रपाळीत उभे राहणाऱ्या मुलीला ते बारापेक्षा कमी असून चालत नाही. कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आताच सुरू कराव्यात. सुया आणि रक्त यांच्याशी रोजचा संबंध येणार, म्हणून कावीळ ‘ब’ची लस घेतलेली असावी. तिच्या तीन मात्रा असतात. पहिलीनंतर एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. प्रवेशयादीची वाट न पाहता पहिली मात्रा याच महिन्यात द्यावी, म्हणजे ती प्रथम रुग्णकक्षात पाऊल टाकील तेव्हा निदान दोन मात्रा झालेल्या असतील. सामानात सेकंदकाटा असलेले एक साधे मनगटी घड्याळही द्यावे.