एकच आखाडा, दोन पैलवान

पुण्याहून भाच्याची मेल आली. लॅपटॉपवर रात्रभर दोन बुद्धिबळ प्रोग्रॅम लढवले, निकाल ६-४. "मामा, आता ठरलं ना कोण भारी?"

नाही रे बाबा. नाणं दहा वेळा उडवलं तर बरोब्बर पाच-पाच पडण्याची शक्यता जेमतेम पाव. उरलेल्या पाऊण वेळा कुणीतरी 'जिंकतंच'!

पण आकड्यांआधी यंत्राकडे बघू. या प्रोग्रॅमांत 'पाँडर' नावाची सोय असते: पाळी समोरच्याची असतानाही आपला विचार चालू ठेवायचा. माणसंही तेच करतात. पण एकाच संगणकावर याचा अर्थ असा की घड्याळ एकाचं पळतंय आणि प्रोसेसर खातोय दुसराही. ते आधी बंद करा. हॅशची मेमरी दोघांना सारखी द्या, आणि दोघांची बेरीज रॅममध्ये मावेल एवढीच. लॅपटॉप तापून मंदावतो, पण आळीपाळीने खेळताना ती झळ दोघांनाही साधारण सारखीच लागते.

मग सुरुवातीच्या खेळ्या. मोकळं सोडलं तर दोघे त्याच त्या डावांत फिरत राहतात. म्हणून चार-सहा खेळ्यांच्या वेगवेगळ्या सुरुवाती निवडायच्या आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवायची, रंग बदलून. पांढऱ्याचा फायदा आपोआप फिटतो.

आणि डाव किती? शंभर डावांत ५५-४५ म्हणजे सुमारे ३५ एलोचा फरक. त्यातले निम्मे डाव बरोबरीत सुटले असले तरी चूक-मर्यादा सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हाही फरक नशिबाचा असू शकतो. माझ्या मते घरच्या संगणकावर दहा लांबलचक डावांपेक्षा हजार झटपट डाव केव्हाही बरे. प्रेक्षक म्हणून कंटाळा येईल, पण आपल्याला मोजायचंय ना?

मोठ्यांनाही हे चुकत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ ला शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबरी असं हरवलं. स्टॉकफिशला ६४ थ्रेड, पण हॅश फक्त १ जीबी. वर प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट, त्यामुळे वेळ राखून खेळायचं त्याचं कौशल्य वाया. आरडाओरडा झाला, तो माझ्या मते रास्तच होता. २०१८ च्या शोधनिबंधात हॅश ३२ जीबी, तीन तासांचं घड्याळ आणि हजार डाव: १५५ जिंकले, ६ हरले. अल्फाझीरो भारी ठरलाच, पण या वेळी तक्रारीला जागा कमी उरली.

खरी पंचाईत आता आहे. लीला चेस झीरोला ग्राफिक्स कार्ड लागतं, स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर धावतो. एकाच डब्यात दोघं, पण दोघांची इंजिनं वेगळी! कार्ड महाग बसवलं तर लीला वर, प्रोसेसरचे कोअर वाढवले तर स्टॉकफिश. किमतीने तोलायचं की विजेच्या बिलाने? मी बिलाच्या बाजूचा. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये असं कार्ड नाहीच, तेव्हा त्याने सध्या पाँडर बंद करावं आणि आणखी नऊशे नव्वद डाव खेळवावेत.