अणुभट्टीची कल्हई

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. कल्हईवाल्याची हाक आली की म्हणूनच घरोघरची भांडी बाहेर निघत. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. या पोलादातले क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर अतिसूक्ष्म थर धरते. तीच त्याची कल्हई.

पण ही कल्हईसुद्धा विरघळवणारा पदार्थ भांड्यात ठेवायचा झाला तर? अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात एक प्रायोगिक अणुभट्टी चालली. तिचे इंधन कांड्यांत भरलेले नव्हते. सुमारे ६५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या फ्लोराइड क्षारांत युरेनियम विरघळवून तो रस नळ्यांतून फिरवला जाई. असा क्षार ऑक्साइडचा थर टिकू देत नाही आणि मग धातूतले क्रोमियम वेचून खातो. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅस्टेलॉय-एन हा मिश्रधातू घडवला. त्यात मुख्यतः निकेल, बरेचसे मॉलिब्डेनम आणि क्रोमियम जेमतेम सात टक्के. शिवाय क्षारात अधूनमधून बेरिलियम सोडून त्याची भूक मारली. उपाय लागू पडला, झीज फारच थोडी झाली.

मात्र भट्टी बंद करून तिचे भाग कापून तपासले, तेव्हा क्षाराला लागलेल्या पृष्ठभागावर धातूच्या कणाकणांमधल्या सीमांवर बारीक भेगा आढळल्या. युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या टेल्युरियमचे हे काम होते. घरात शिरलेला चोर नव्हे, घरातच जन्मलेला! मिश्रधातूत थोडे नायोबियम घातले तर भेगा कमी होतात, हे पुढे दिसले. पण १९७६ मध्ये तो कार्यक्रमच गुंडाळला गेला.

चीनने गान्सू प्रांतात २ मेगावॉटची अशीच भट्टी उभारली आणि २०२३ मध्ये तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू केली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या विषयावर काम झाले आहे, आणि केरळच्या वाळूतल्या थोरियमच्या गोष्टी तर आपण शाळेपासून ऐकतो. तरी एक हिशेब करून पाहावा. ओक रिजची भट्टी पूर्ण शक्तीच्या मापाने सुमारे तेरा हजार तास चालली. तीस वर्षांच्या वीजकेंद्राचे तास अडीच लाखांवर जातात.

आपल्याकडे निधी मागताना थोरियमचे साठे सांगितले जातात. क्षारात बुडवलेली धातूची चकती दर काही महिन्यांनी काढून, तोलून, पुन्हा बुडवत बसणाऱ्या प्रयोगशाळेला किती मिळाले, हे अर्थसंकल्पाच्या दिवशी कोणी विचारत नाही. यंदा विचारावे.