धबधब्याला नोटीस, लॉनला टँकर

मे महिन्यात टँकर सुरू झाले की पाठोपाठ उपदेशही सुरू होतात. यंदा आमच्या पुण्यातल्या सोसायटीत त्यांनी आईचा धबधबा गाठला. तळमजल्यापुढच्या पट्टीत आई आणि मी मिळून रचलेला, जेमतेम तीन फुटी. कमिटीची नोटीस आली : पाणीटंचाईत असले शौक शोभत नाहीत, बंद करा.

शोभत नाही, हा काही युक्तिवाद नव्हे. हिशोब करू.

धबधब्याचं पाणी वाहून कुठेही जात नाही. खाली प्लास्टिक शीट घातलेला एक चौरस मीटरचा खड्डा, त्यात साधारण ४०० लिटर पाणी, तळाशी पंप. तेच पाणी पाइपने वर जातं, दगडांवरून परत खाली येतं. कमी होतं ते बाष्पीभवनाने आणि शिंतोड्यांनी. आपल्याकडे भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८-१० मिलिमीटर पाणी उडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. झाले दहा लिटर. शिंतोडे धरून दुप्पट करा : एक बादली. तेवढं पाणी तुमच्या घरातला आरओ रोज गुपचूप सिंकमध्ये सोडत असेल. आणि वीज? ४० वॅटचा पंप रोज सहा तास चालला तर चार दिवसांत एक युनिट.

आता लॉन. या दिवसांत गवताला चौरस मीटरमागे रोज पाच लिटर तरी लागतं. आमचं लॉन २०० चौरस मीटरचं, म्हणजे रोज हजार लिटर. दहा दिवसांत दहा हजार लिटरचा अख्खा टँकर ते गवत पितं, ज्यावर मुलांना खेळायला बंदी आहे. ‘पण त्याला एसटीपीचं पाणी जातं ना?’ जात असतं तर मी गप्प बसले असते. लॉनचा पाइप बोअरच्या टाकीला जोडलाय. पंपरूममध्ये जाऊन कुणीही बघावं.

डासांचा आक्षेप मात्र खरा. पंप बंद पडला तर आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो, म्हणून खड्ड्यात गप्पी मासे सोडलेत. गळतीचाही खरा : शीटची कड मातीला टेकली की माती वातीसारखं पाणी ओढते. कड दोन इंच वर उचलून दगडाखाली दाबावी लागते. यावर नोटीस आली असती तर चहा पाजून बोलले असते.

‘पण गरज काय?’ हा शेवटचा हुकमी प्रश्न. लॉनला तो कुणी विचारत नाही, कारण लॉन ब्रोशरमध्ये होतं. मुघल बागांत पाणी तिरप्या, कोरीव दगडावरून सोडत. त्याला चादर म्हणत. खडबडीत नक्षीवर पाण्याचा पातळ थरही पांढरा फेसाळतो. कमी पाण्यात भरपूर झुळझुळ. आमच्याकडे चादरीच्या जागी आजीचा टाकी लावलेला पाटा आहे. मिक्सर आल्यापासून तो बाल्कनीत पडून होता. आता दुपारी त्यावर बुलबुल अंघोळ करतात आणि आई समोर खुर्ची टाकून बसते. एका बादलीत एवढं मिळत असेल तर गरज सिद्ध करायची जबाबदारी आमची कशी?

कमिटीला माझं लेखी उत्तर गेलंय. लॉनच्या लाइनवर पाण्याचं मीटर बसवा, महिनाभराचं रीडिंग नोटीस बोर्डावर लावा, मग कुठला नळ आधी बंद करायचा ते सभेत ठरवू. मीटर मी माझ्या पैशाने आणून देते. प्लंबर तेवढा कमिटीने बोलवावा.