विश्लेषण : आई-वडिलांसह पहिल्यांदाच ‘प्राइड’ला? वेल्ह्यासारख्या गावातील कुटुंबासाठी याचा अर्थ काय?

पुण्या-मुंबईत प्राइड परेड आता नवी राहिलेली नाही. मात्र मुलासोबत आई-वडीलही चालू लागतात, तेव्हा त्या चालण्याचे वजन बदलते. वेल्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातून एखादे कुटुंब पुण्यात या पदयात्रेला आले, तर त्याला काय माहीत असायला हवे?

पालक पदयात्रेत कधी आले?

जून 1972 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जीन मॅनफोर्ड ही शिक्षिका आपल्या समलिंगी मुलासोबत फलक घेऊन चालली. त्यातूनच 1973 मध्ये पालकांची संघटना उभी राहिली. भारतात पहिली पदयात्रा 1999 मध्ये कोलकात्यात निघाली, तेव्हा जेमतेम 15 जण होते. पुण्यातील पहिली पदयात्रा डिसेंबर 2011 मध्ये समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने निघाली. मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे. 2023 मध्ये या गटातील 400 हून अधिक पालकांनी समलिंगी विवाहाला मान्यता मिळावी, यासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते.

सहभागी होण्यात कायदेशीर अडचण आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील सहमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे पोलिसांची भीती गेली. वारसा आणि जोडीदार म्हणून मिळणारे हक्क यांचे प्रश्न तसेच राहिले. अशा वेळी घरच्यांचा आधार अधिक मोलाचा ठरतो.

गावातल्या कुटुंबासमोर खरी अडचण कोणती?

फोटो. शहरात गर्दीत मिसळता येते. गावात एक फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की भावकीपासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे पोहोचतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे असेल, तर आई-वडिलांची घालमेल समजण्यासारखी आहे. त्यामुळे कोणाला, किती आणि कधी सांगायचे, हे आधी घरात ठरवावे. त्यात शेवटचा शब्द ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याचाच असावा. परेड सार्वजनिक रस्त्यावर असते, तिथे माध्यमांचे कॅमेरेही असतात. चेहरा दिसू द्यायचा नसेल, तर मास्क लावून किंवा कडेने चालण्यात कमीपणा नाही.

सगळे पाहून आई-वडील बिचकले तर?

भडक पोशाख, ढोल, घोषणा यांनी पहिल्यांदा येणारे गोंधळू शकतात. पण तिथे साध्या शर्ट-पँटमध्ये आणि साडीत चालणारेही असतात. पूर्ण अंतर चालण्याची सक्ती नसते. इतर पालकांशी दहा मिनिटे बोलणे अनेकदा घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

‘लग्न केले की सुधारेल’ याचे काय?

समलैंगिकता हा आजार नाही, त्यामुळे त्यावर ‘इलाज’ही नाही. असा इलाज करणे हे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. जबरदस्तीच्या लग्नात घरी आणलेल्या मुलीचेही आयुष्य पणाला लागते. तिची यात काहीच चूक नसते.

थोडक्यात काय?

परेड एका दुपारची असते. दुसऱ्या दिवशी पारावर कोणी विचारले, तर आई-वडील काय उत्तर देतात, यावर त्या मुलाचे गावात राहणे अवलंबून असते. उत्तर तयार नसेल, तर परेड पुढच्या वर्षी पाहिली तरी चालेल. घरातले बोलणे मात्र आजच सुरू करता येते.